दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह

पोटातल्या बाळाचं हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा धडधडतं. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम अर्धा सेकंद. नाळेचं डॉपलर करणाऱ्या डॉक्टरांची नजर असते ती या अर्ध्या सेकंदाच्याही उत्तरार्धावर. हृदय आकुंचन पावलं की रक्त जोरात पुढे जाणारच. पण ते सैल पडल्यावरही नाळेतलं रक्त पुढे वाहत राहतं का, हे पाहायचं असतं.

रिपोर्टमध्ये बदल दिसला की घरी त्याचा एकच अर्थ लागतो, ‘बाळाला रक्तपुरवठा कमी पडतोय.’ तो अगदी चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नाळेत सहसा तीन वाहिन्या असतात. एक शीर वारेकडून बाळाकडे प्राणवायू आणि अन्नरस घेऊन येते, तर दोन धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे परत नेतात. तपासणी होते ती प्रामुख्याने या धमन्यांची, म्हणजे परतीच्या वाटेची. कारण त्या वाटेच्या टोकाला वार आहे, आणि डॉक्टरांना खरी चौकशी करायची असते ती वारेचीच.

निरोगी वारेत बाळाच्या रक्तवाहिन्यांना असंख्य बारीक फाटे फुटलेले असतात. शेतातले सगळे पाट मोकळे असले की मोटर थांबल्यावरही पाणी काही वेळ पुढे सरकत राहतं, आणि पाट गाळाने भरले की ते तिथेच तुंबतं. वारेतही असंच घडतं. फाटे भरपूर आणि मोकळे असले की अडथळा कमी, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधेही रक्त वाहतं. आईच्या गर्भाशयाच्या वाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेची जडणघडण बिघडते. गरोदरपणात वाढणारं बीपी आणि बाळाची खुंटलेली वाढ बऱ्याचदा हातात हात घालून येतात, त्याचं मूळ इथे आहे.

हे पोटाबाहेरून कळतं ते ख्रिस्तियान डॉपलर यांच्यामुळे. १८४२ साली प्राग शहरात त्यांनी मांडलेला विचार जोडताऱ्यांच्या रंगांविषयी होता. लहरींचा उगम जवळ आला की त्यांची वारंवारिता वाढल्यासारखी भासते, दूर गेला की घटते. सोनोग्राफीत ध्वनिलहरी धावत्या तांबड्या पेशींवर आदळून परततात आणि त्यांच्या वारंवारितेत असाच फरक पडतो. हा फरक किती? सेकंदाला ३० लाख कंपनांची लहर सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने समोरून येणाऱ्या रक्तावर आदळली, तर फरक पडतो सुमारे दीड हजार कंपनांचा. मूळ लहर माणसाला कधीच ऐकू येणार नाही, पण हा फरक नेमका आपल्या कानाच्या टप्प्यात बसतो! तपासणीच्या खोलीत जो ‘शूऽ शूऽ’ आवाज येतो, तो हा फरक असतो.

नाळेतल्या रक्ताची अशी मोजणी डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. मला या पद्धतीतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती तिचं गणित. रक्ताचा खरा वेग काढायचा तर लहर आणि वाहिनी यांच्यातला कोन ठाऊक हवा. नाळ तर पिळलेली, गर्भजलात तरंगणारी. तिचा कोन धरणार कसा? म्हणून ठोक्याच्या वेळचा सर्वाधिक वेग आणि ठोका संपतानाचा वेग यांचं गुणोत्तर काढतात. कोनाचा परिणाम दोन्ही आकड्यांवर सारखाच होतो, त्यामुळे भागाकारात तो निघून जातो. रिपोर्टवर ‘एस/डी’, ‘आरआय’, ‘पीआय’ अशी अक्षरं असतात, ती याच जातीची मापं. मात्र मोजताना बाळ स्वस्थ हवं. ते हालत असेल किंवा श्वासाच्या हालचाली करत असेल, तर आकडे बदलतात. अशा वेळी थांबून पुन्हा मोजावं लागतं.

गरोदरपण पुढे सरकतं तसं हे आकडे उतरायला हवेत. ते चढे राहिले तर लक्ष वाढवायचं. ठोक्यांच्या मधला प्रवाह पूर्ण थांबला तर धोका मोठा. आणि रक्त उलटं, वारेकडून बाळाकडे फिरू लागलं तर त्याहून मोठा. मग मेंदूच्या धमनीत बाळ स्वतःचं रक्त मेंदूकडे वळवतंय का, हृदयाजवळच्या शिरेत ताण दिसतो का, हेही पाहतात. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळाला बाहेर काढणं हाही धोकाच असतो. पोटातला एकेक दिवस मोलाचा, आणि तिथेच एक दिवस जास्त झाला तर बाळ हातचं जाण्याची भीती. डॉपलरचं खरं काम हा दिवस ठरवायला मदत करणं आहे.

जोखमीच्या गरोदरपणातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा डॉपलर वापरल्यावर प्रसूतीच्या सुमारास होणारे बाळांचे मृत्यू हजारी १७ वरून १२ वर आलेले दिसले. मात्र सगळं ठीक असलेल्या गरोदरपणात सरसकट डॉपलर केल्याने असा फायदा दिसलेला नाही. ‘एकदा करून टाकू, मनाची शांती’ हा हट्ट म्हणूनच नको. पहिल्या तीन महिन्यांत तर या लहरींची उष्णता लक्षात घेऊन कारणाशिवाय डॉपलर टाळतात.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. शेवटच्या आठवड्यांत वार थकलेली असूनही नाळेचं डॉपलर ‘नॉर्मल’ येऊ शकतं. बाळाची हालचाल कमी जाणवली तर मागच्या आठवड्याच्या रिपोर्टवर विसंबून घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रवाह थांबल्याचं किंवा उलटा झाल्याचं सांगितलं गेलं आणि दिवस कमी भरलेले असले, तर पहिला प्रश्न विचारायचा तो नवजात अतिदक्षता विभागाचा. तो जवळ नसेल आणि आईची प्रकृती साथ देत असेल, तर प्रसूतीआधीच मोठ्या रुग्णालयात जावं. फुफ्फुसं पक्की होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची असतात आणि त्यांचा गुण यायला वेळ लागतो. जन्मल्यानंतर अ‍ॅम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा बाळाला पोटात असतानाच हलवणं केव्हाही सुरक्षित.