ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर

परदेशी सहलींच्या जाहिरातींत हल्ली एका बेटाचे चित्र हमखास असते. निळाशार समुद्र, त्यातून सरळ वर चढलेला काळा-तांबडा कडा आणि कड्याच्या माथ्यावर पांढरीशुभ्र घरे. हे ग्रीस देशातले सँटोरिनी बेट. तेथले लोक त्याला थिरा म्हणतात. दरवर्षी लाखो माणसे ते पाहायला जातात. तुमच्या-आमच्या पगारात ते विमानाचे तिकीट बसणारे नाही, हे उघड आहे. परंतु एखादी जागा जगाला का पाहावीशी वाटते, हे समजून घ्यायला तिकीट लागत नाही. आणि ते समजून घेतले की सातारा-सांगलीच्या माणसाला एक नवल कळते. ज्या गोष्टीसाठी लोक समुद्र ओलांडून जातात, त्याच गोष्टीवर आपण जन्मापासून उभे आहोत. ती गोष्ट म्हणजे ज्वालामुखी!

खचलेल्या डोंगराचे काठ

सँटोरिनी हे एका ज्वालामुखीचे उरलेले काठ आहेत. सुमारे छत्तीसशे वर्षांपूर्वी तेथे महाभयंकर स्फोट झाला. डोंगराचे पोट रिकामे झाले, मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. आज प्रवासी बोटीतून जेथे उतरतो, ते पाणी म्हणजे ज्वालामुखीचे तोंडच आहे. समोरच्या कड्यावर राखेचे आणि लाव्हाचे थर काळे, तांबडे, पांढरे असे एकावर एक दिसतात. मध्यभागी काळ्या दगडाचे एक छोटे बेट आहे. तेथे जमिनीतून अजून गरम वाफा निघतात. शेवटचा उद्रेक १९५० साली झाला. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भूकंपाचे इतके धक्के बसले, की दहा हजारांहून अधिक लोक काही काळ बेट सोडून गेले.

त्या प्राचीन स्फोटाच्या राखेखाली आक्रोतिरी नावाचे एक अख्खे गाव गाडले गेले होते. १९६७ साली तेथे पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. दुमजली-तिमजली घरे, रंगीत चित्रांच्या भिंती, धान्याचे रांजण आणि सांडपाण्याची गटारे निघाली. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत. आधीच्या धक्क्यांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत, असे अभ्यासक मानतात.

एक गोष्ट कष्टकरी वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. जाहिरातीत दिसणारी ती पांढरी घरे पुष्कळशी राखेच्या मऊ थरात कोरलेली आहेत. बांधायला लाकूड नाही, पैसा नाही, म्हणून गरिबांनी आणि जहाजावरच्या खलाशांनी कड्यात बिळे करून संसार थाटले. जहाजाचे मालक-कप्तान वर माथ्यावर वाड्यांत राहत. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात कितीतरी घरे कोसळली आणि पुष्कळ कुटुंबे बेट सोडून गेली. आज त्याच गरिबांच्या गुहा महागडी हॉटेले झाल्या आहेत. जागा तीच, दगड तोच. पाहणारा बदलला की किंमत बदलते.

आपल्या पायाखालचा लाव्हा

आता आपल्याकडे वळू. सह्याद्रीला ज्वालामुखीचे टोकदार शिखर नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. तो डोंगरासारखा उंच साचला नाही, तर शेतात सोडलेल्या पाटाच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवाला की त्यावर दुसरा, असे लाखो वर्षे चालले. आज हा काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यापुढे सँटोरिनी म्हणजे तळहाताएवढे.

साताऱ्याचा कोणताही डोंगर लांबून पाहा. एक कडा, मग उतार, मग पुन्हा कडा, अशी पायऱ्यांसारखी रचना दिसेल. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो. स्वीडनच्या भाषेत पायरीला जो शब्द आहे, त्यावरूनच शास्त्रज्ञांनी या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव दिले. घाटात रस्ता कापलेला असतो तेथे दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाची पट्टी दिसते. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात तयार झालेली ती माती. तिच्यावर पुढचा तापलेला लाव्हा पसरला. एस.टी.च्या खिडकीतून ती आपण शंभर वेळा पाहिलेली असते.

पाचगणीचे पठार आणि कास पठार सपाट का? तर ते लाव्हाचे वरचे थर आहेत. पावसाने झिजून त्यांच्या माथ्यावर जांभा दगड तयार झाला. त्या कातळावर माती बोटभर, म्हणून झाडे वाढत नाहीत; परंतु पावसाळा संपता संपता इवल्याशा फुलांचे गालिचे पसरतात. पश्चिम घाटातील इतर ठिकाणांसह कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाचगणी-महाबळेश्वरचा हा लाव्हाचा खडक २०२५ साली भारताच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आला आहे.

हा थर किती जाड आहे, हेही आता ठाऊक झाले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली. आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांना ती पहाट आजही आठवते. त्या धक्क्यांचा धरणाच्या पाण्याशी काय संबंध आहे, हे शोधण्यासाठी कोयना भागात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत काळा लाव्हाच लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. म्हणजे आपण सव्वा किलोमीटर जाडीच्या निवालेल्या आगीवर चुली मांडून बसलो आहोत!

सांगलीकरांनी म्हणू नये की आमच्याकडे काय? कृष्णाकाठची काळी जमीन म्हणजे याच दगडाचा लाखो वर्षांत झालेला चुरा. सँटोरिनीच्या शेतकऱ्याकडे पाणी नाही, वारा मात्र भन्नाट. तो द्राक्षाचा वेल मांडवावर चढवत नाही; जमिनीलगत टोपलीसारखा वळवतो, म्हणजे घड आत सुरक्षित राहतात आणि समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेवर वेल जगतो. आपल्या तासगावकडे द्राक्ष मांडवावर चढते आणि शेडमध्ये वाळून बेदाणा होते. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तो बेदाणा निवडणारे हात बहुतांशी आपल्याच आयाबहिणींचे आहेत, हे त्या मानांकनाच्या कागदावर लिहिलेले नसते.

आगाशिवच्या लेण्यांत

गरिबांनी दगडात घरे कोरली ती ग्रीसमध्ये. आपल्याकडे त्याच जातीच्या दगडात भिक्खूंसाठी विहार कोरले गेले, तेही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. कराडपासून जवळच जखिणवाडीच्या वर आगाशिवचा डोंगर आहे. त्याच्या कुशीत साठहून अधिक लेणी आहेत. येथला दगड भरड, म्हणून अजिंठा-वेरूळसारखे नक्षीकाम नाही. लहान खोल्या, झोपायचे दगडी बाक, पाण्याची टाकी, एवढेच. एका चैत्याच्या दर्शनी भागावर मात्र धम्मचक्र आणि सिंह कोरलेले आहेत. एक शिलालेखही आहे. गोपालाचा मुलगा संघमित्र याने हे लेणे दान दिले, असे तो सांगतो. राजा नाही, सरदार नाही. बापाचे आणि स्वतःचे नाव सांगणारा एक माणूस.

आम्ही वस्तीतील काही कुटुंबे मिळून आगाशिवला गेलो होतो. आमच्याबरोबर एक गृहस्थ होते, ज्यांचा उभा जन्म दगडाच्या खाणीत गेला. पोरे इकडे-तिकडे पळत होती आणि हे गृहस्थ भिंतीवरून हात फिरवत उभे. म्हणाले, “छिन्नी वरनं खाली चाललीया. छत आधी केलंय, मग जमीन. माणूस जाणता होता.” पुस्तके वाचून आम्हाला जे सांगता आले नसते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. लेणी खरोखरच वरून खाली कोरत आणत. मग परात-पायाडाची गरज उरत नाही. त्या दिवसापासून आमच्या वस्तीतल्या पोरांच्या लेखी खाणीतला माणूस हा अडाणी राहिलेला नाही.

ग्रीकांनी दिलेले पाणी

ग्रीस आणि आपली लेणी हा संबंध आम्ही ओढूनताणून जोडलेला नाही. त्या काळी ग्रीकांना आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांना यवन म्हणत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक खांब यवनांनी दान दिलेले आहेत, आणि तसे खांबांवर कोरलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. कुठून कुठून आलेली ही माणसे! येथे त्यांना कोणी जात विचारली नाही. ती आली, त्यांनी पाहिले, त्यांना पटले, आणि तहानलेल्याला पाणी मिळावे म्हणून त्यांनी आपल्या लाव्हाच्या दगडात टाकी खोदवली.

आता त्यानंतरचा काळ पाहा. १९०१ साली साताऱ्याहून चार मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीस होते, त्यांच्याकडे जायचे होते. त्या मुलांत बाल भीमराव होते. जात कळताच एकही गाडीवान गाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर गाडी मिळाली. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी राहिली. सांगलीहून साताऱ्याला रेल्वेने जाताना हे मसूर स्टेशन आजही लागते.

१९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते. होय, सहलीलाच! वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. धुळीने माखलेली तोंडे त्यांनी दाराजवळच्या हौदावर धुतली, तर हौद बाटवला म्हणून गिल्ला झाला. अखेर किल्ल्यात सोडले ते कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळतीला एक हत्यारबंद शिपाई देऊन. विलायतेतून उच्च पदव्या घेऊन आलेल्या माणसाची ही गत! ज्या जातीच्या दगडात यवनांनी सर्वांसाठी पाणी साठवले, त्याच दगडातल्या किल्ल्यात पाणी नाकारले गेले.

म्हणून आम्ही म्हणतो, सहल ही आपल्यासाठी नुसती चैन नव्हे. मोकळेपणाने हिंडावे, थांबावे, पाहावे, प्रश्न विचारावे, तहान लागली तर पाणी प्यावे, हा हक्क आपल्या आधीच्या पिढ्यांना नव्हता. तो मिळवून दिलेला आहे. हक्क वापरला नाही तर तो कपाटातच राहतो. लग्नात बँडला हजारो रुपये जातात आणि पोरांना डोंगर दाखवायला शंभर निघत नाहीत, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

जाण्यापूर्वी

सांगली आणि सातारा दोन्हीकडून कराडला एस.टी. आणि रेल्वे मिळते. २०२३ पासून एस.टी.त भगिनींना निम्मे भाडे आहे. जखिणवाडीपर्यंत रिक्षा करावी, पुढे चढण आहे. सकाळी लवकर निघावे, पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी, दिवस मावळण्याआधी उतरावे. पावसात दगड शेवाळतो, म्हणून म्हातारी माणसे आणि तान्ही मुले घेऊन हिवाळ्यातच जावे. मधमाश्यांची पोळी असतात, तेथे धूर आणि आरडाओरडा करू नये. भिंतीवर नावे लिहू नयेत, रंग फासू नये, आपला कचरा आपण परत आणावा. संघमित्राचे नाव दोन हजार वर्षे टिकले ते दानामुळे. खिळ्याने ओरखडलेले नाव हे दान नव्हे.

कास पाहायचे तर फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करावी लागते. सातारा शहरात गेलात, तर भीमरावांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत प्रवेश घेतला ती, आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाणारी शाळा मुलांना जरूर दाखवा. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आपल्यातले कोणी शिकून-सवरून उद्या सँटोरिनीलाही जाईल, त्याने अवश्य जावे. परंतु त्या कड्यावर उभे राहून त्याला तेथल्या लोकांना सांगता आले पाहिजे, की आमच्या गावचा दगडही आगीतून आलेला आहे, आणि तुमच्या लोकांनी तेथे आमच्यासाठी पाणी ठेवले होते.