लांब रेकॉर्डिंगमधून एकेक ओवी वेगळी कशी काढायची?



जाती गेली, ओव्या तेवढ्या आजींच्या तोंडी उरल्यात. त्या तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केल्यात, छान केलंत! पण दोन तासांची एकच फाईल कोण ऐकणार? हवी ती ओवी सापडतच नाही. म्हणून तिचे भाग करूया.

१. मूळ फाईलची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. तिला हात लावायचा नाही.

२. संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडा. उघडली नाही, तर आधी एमपीथ्री करून घ्या.

३. आवाज लाटांसारखा दिसतो. लाट सपाट झाली की समजा, आजी थांबल्यात. नवी ओवी सुरू होण्याच्या जरा आधी क्लिक करा, नाहीतर पहिला शब्द तुटतो. मग कंट्रोल आणि बी एकत्र दाबून ओवीचा विषय व आजींचं नाव लिहा.

४. शेवटी ‘एक्स्पोर्ट ऑडिओ’मध्ये ‘मल्टिपल फाईल्स’ आणि ‘लेबल्स’ निवडा. प्रत्येक ओवीची वेगळी फाईल, तुम्ही दिलेल्या नावाने तयार!

आणि एक लक्षात ठेवा. ओवीत सासर-माहेरचं मनातलं दुःख असतं. ग्रुपवर टाकण्याआधी ती आजींना ऐकवा. त्या ‘नको’ म्हणाल्या, तर नको.

– तुमची क्षेत्र समन्वयक