खरी कॉर्नरचा कॅमेरा

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एका स्तंभावर कॅमेरा उभा आहे. दर वर्षी १ डिसेंबरला गावातले चित्रपटवाले जमून त्याची पूजा करतात. १९१७ साली याच दिवशी बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली.

पेंटर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते मिस्त्री, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून पेंटर झाले. पडदे रंगवता रंगवताच त्यांना आणि बंधू आनंदरावांना हलत्या चित्रांचं वेड लागलं. कॅमेरा स्वतःच घडवायचा असं दोघांनी ठरवलं. १९१६ साली आनंदराव गेले. अर्धं राहिलेलं काम बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून पुरं केलं. पैशाची नड गायिका तानीबाई कागलकरांनी भागवली, शाहू महाराजांचा आश्रय लाभला. पेढीवाल्याच्या नव्हे, कारागिराच्या जिद्दीवर उभी राहिलेली ही कंपनी मला म्हणूनच मोठी वाटते.

१९२० साली कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट पुण्यात लागला. त्यातला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला, की तो प्रसंग कापावा लागला. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, हे त्या काळात सोपं नव्हतं. १९२५च्या 'सावकारी पाश'मध्ये तर पुराणातले देव बाजूला झाले आणि कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी पडद्यावर आला. त्यातल्या तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी.

शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही सगळी माणसं इथेच तयार झाली. बाबूरावांचा हात सावकाश चालायचा. पोशाखापासून देखाव्यापर्यंत सगळं त्यांना आधी चित्रात उतरवायचं असे. शिष्यांना स्वतःचं काही करायचं होतं. १ जून १९२९ रोजी या चौघांनी सीताराम कुलकर्णींच्या साथीनं कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांच्या कंपनीचा कणा त्याच दिवशी मोडला, असं मला वाटतं. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला, तेव्हा आवाजाच्या नव्या खर्चाला तोंड द्यायला इथे माणसंच उरली नव्हती. कंपनी बंद पडली. तिच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नाहीसे झाले आहेत.

१९३६ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून आणि दुसऱ्या संस्थेसाठी. पहिल्या चित्रपटातला तो तरुण शेतकरी तोवर पुण्याला हललेल्या प्रभातचे बोलपट दिग्दर्शित करत होता.