सॅटरडे नाइट स्पेशल

सॅटरडे नाइट स्पेशल हे अमेरिकेतील स्वस्त, आखूड नळीच्या आणि लहान काडतुसे वापरणाऱ्या पिस्तुलांना व रिव्हॉल्व्हरांना दिले जाणारे प्रचलित नाव आहे. ते कोणत्याही एका कंपनीचे वा नमुन्याचे नाव नव्हे आणि त्याची सर्वमान्य कायदेशीर व्याख्याही नाही. खिशात मावणारे आणि अल्प उत्पन्नाच्या माणसाला परवडणारे शस्त्र, हे या वर्गाचे समान लक्षण होय. अशी शस्त्रे गुन्हेगाराच्या हाती सहज पडतात म्हणून ती बंद करावीत, की त्यामुळे गरिबाचे स्वसंरक्षणाचे साधनच हिरावले जाते, हा वाद अमेरिकेत दीर्घकाळ चालू आहे. भारतातील ‘गावठी कट्टा’ हे बेकायदेशीररीत्या घडवलेले शस्त्र असते; सॅटरडे नाइट स्पेशल मात्र परवानाधारक कारखान्यांत तयार होऊन दुकानांतून उघडपणे विकले गेले.

नाव

‘शनिवार रात्रीचे खास’ असा या नावाचा शब्दशः अर्थ होतो. शनिवारी रात्री मद्यालयांत होणाऱ्या मारामाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. त्याच्या उगमाविषयी मतभेद असून, हे नाव वर्णद्वेषातून आले असा आक्षेपही काही लेखकांनी घेतला आहे. एकोणिसाव्या शतकातील अशाच स्वस्त रिव्हॉल्व्हरांना संग्राहक ‘सुइसाइड स्पेशल’ म्हणतात.

रचना

किंमत कमी ठेवण्यासाठी या पिस्तुलांचा सांगाडा पोलादाऐवजी जस्ताच्या संमिश्राचा, साच्यात ओतून केलेला असतो. हा धातू सुमारे ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतो व पोलादापेक्षा मऊ असतो. पिस्तुलाची यंत्रणाही साधी असते. गोळी सुटताना मागील भाग केवळ स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या ताणाने रोखला जातो. त्यामुळे ०.२२ किंवा ०.२५ इंच व्यासाच्या काडतुसांसारखी सौम्य काडतुसेच लहान पिस्तुलात वापरता येतात. अधिक शक्तिशाली काडतूस वापरायचे झाल्यास मागील भाग जाड व जड करावा लागतो. ओहायो राज्यात तयार होणारे हाय-पॉइंट कंपनीचे ९ मिलिमीटरचे स्वस्त पिस्तूल म्हणूनच सुमारे ८२० ग्रॅम भरते आणि कपड्यांखाली लपवण्यास अवघड जाते.

यांतील खरा धोका शस्त्र हातातून पडण्याचा असतो. जुन्या व स्वस्त रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. शस्त्र घोड्याच्या बाजूने जमिनीवर आदळल्यास धक्का काडतुसापर्यंत पोहोचून चाप न ओढताही गोळी सुटू शकते. आधुनिक रिव्हॉल्व्हरांत घोडा व काडतूस यांच्यामध्ये अंतर राखले जाते. चाप पूर्ण ओढल्यावरच एक पट्टी वर सरकून घोड्याचा आघात पुढे पोहोचवते.

इतिहास

टेनेसी राज्याने १८७९ मध्ये सैन्यदल व नौदलाच्या नमुन्यांखेरीज इतर पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी घातली. सैनिकी नमुने महाग असल्याने या कायद्याचा भार गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर व गरीब गोऱ्यांवर पडला, असे अनेक अभ्यासकांचे प्रतिपादन आहे.

जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या ०.२२ इंची स्वस्त रिव्हॉल्व्हरने झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शस्त्र नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली. आयात शस्त्र ‘क्रीडोपयोगी’ असावे, अशी अट त्यात होती. त्यासाठी लांबी, वजन, सुरक्षा खटका इत्यादींना गुण ठरवण्यात आले; पिस्तुलाला किमान ७५, तर रिव्हॉल्व्हरला ४५ गुण आवश्यक होते. या मोजमापात वॉल्थर पीपीके हे दर्जेदार जर्मन पिस्तूलही आकारामुळे बाद ठरले आणि कंपनीला किंचित मोठा पीपीके-एस हा नमुना काढावा लागला.

हे निर्बंध आयातीपुरते असल्याने उत्पादन देशातच सुरू झाले. आर. जी. इंडस्ट्रीज ही कंपनी जर्मनीतून सुटे भाग आणून मायामीत रिव्हॉल्व्हर जोडू लागली. ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरील हल्ल्यात याच कंपनीचे आरजी-१४ रिव्हॉल्व्हर वापरले गेले. लॉस एंजेलसच्या परिसरात १९७० पासून रेव्हन, जेनिंग्ज, डेव्हिस, लॉर्सिन, ब्रायको इत्यादी कंपन्या उभ्या राहिल्या. संशोधक गॅरन विन्टेम्यूट यांनी १९९४ मध्ये या समूहाला ‘रिंग ऑफ फायर’, म्हणजे अग्निवलय, असे नाव दिले. त्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर उत्पादनाचा सुमारे एक-तृतीयांश भाग या कंपन्यांचा होता. पुढे दावे व दिवाळखोरी यांमुळे त्यांपैकी बहुतेक बंद पडल्या.

राज्यांचे कायदे

राज्यांनी या प्रश्नाला तीन प्रकारे हात घातला.

द्रवणांकाची अट: इलिनॉय राज्यात ८०० अंश, तर मिनेसोटात १,००० अंश फॅरनहाइटपेक्षा कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूच्या पिस्तुलांवर निर्बंध आले. जस्ताचे सांगाडे यात आपोआप अडकले.

मान्यताप्राप्त यादी: १९८५ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा शस्त्रांच्या निर्मात्यांना बळींच्या हानीबद्दल जबाबदार धरता येईल, असा निर्णय दिला. १९८८ मध्ये विधिमंडळाने ही जबाबदारी रद्द करून त्याऐवजी विक्रीयोग्य शस्त्रांची यादी ठरवणारे मंडळ नेमले.

प्रत्यक्ष चाचणी: कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये केलेल्या कायद्यानुसार नमुन्याला खाली पाडण्याची व सलग गोळीबाराची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते.

वाद

बंदीच्या समर्थकांच्या मते सहज लपणारे, कमी किमतीचे शस्त्र गुन्ह्याला सोयीचे असते आणि सदोष शस्त्र ते बाळगणाऱ्यालाही घातक ठरते. विरोधकांच्या मते गुन्ह्याची झळ सर्वाधिक सोसणाऱ्या वस्त्यांतील माणसाकडेच महाग शस्त्र घेण्याची ऐपत नसते. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक आणखी एका बाबीकडे लक्ष वेधतात: अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि तेथे शस्त्राची किंमत नव्हे, तर त्याची घरातील उपलब्धता निर्णायक ठरते.

किंमत व सुरक्षितता यांचे नाते सरळ नाही. सिग सॉअर कंपनीचे पी-३२० हे पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने निवडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात पडल्यास त्यातून गोळी सुटू शकते असे आढळल्यावर, कंपनीने नागरी ग्राहकांसाठी सुधारणेची योजना जाहीर केली. द्रवणांकाची अट अशा दोषापर्यंत पोहोचत नाही. पाडण्याची चाचणी मात्र स्वस्त व महाग शस्त्रांना एकच कसोटी लावते.

सद्यःस्थिती

प्लॅस्टिकच्या सांगाड्यामुळे आता पोलादी नळीचे हलके पिस्तूलही तुलनेने स्वस्तात बनते. २००८ मध्ये आलेले रुगर एलसीपी अवघे २७० ग्रॅमच्या आसपास आहे. मात्र छोटे व हलके शस्त्र हाताला अधिक झटका देते आणि नेम साधण्यास अधिक सराव लागतो. सरावाची काडतुसे, चाप झाकणारे होल्स्टर, कुलूपबंद पेटी आणि काही राज्यांतील परवाना-शुल्क यांचा खर्च वेगळाच असतो. इलिनॉयमध्ये परवान्यासाठी १६ तासांचे प्रशिक्षण बंधनकारक आहे. अर्ध्याहून अधिक राज्यांत मात्र शस्त्र लपवून बाळगण्यास परवाना लागत नाही. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना-पद्धती अवैध ठरवली नाही. परंतु अवाजवी शुल्क वा दीर्घ विलंब यांमुळे सामान्य नागरिक वंचित होत असल्यास त्याविरुद्ध दाद मागता येईल, अशी शक्यता मोकळी ठेवली.