शुश्रूषेचा हिशेब

वार्धक्याचा खर्च म्हटला की औषधांची बिले डोळ्यांपुढे येतात. अंथरुणाला खिळलेल्या मातापित्यांच्या बाबतीत मात्र मोठा खर्च असतो तो माणसाच्या वेळेचा. महिन्याचे तास ७२०. दिवसपाळीला एक, रात्रपाळीला एक, आणि त्यांच्या सुटीला तिसरी बाई हवी.

हे पैसे आणायचे कोठून? सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, परंतु ते रुग्णालयातील उपचारांपुरते. घरी कूस बदलणाऱ्या, घास भरवणाऱ्या हातांना त्यातून काही मिळत नाही. २००७ च्या कायद्यान्वये मुलांकडून मागता येणारा निर्वाहखर्च दरमहा १०,००० रुपयांच्या आत. तो तासांत वाटला, तर ताशी १४ रुपयेही पडत नाहीत!

सिकंदराबादेतील रेल्वेच्या निवृत्तांचे त्यातल्या त्यात बरे. ऐंशी पूर्ण होताच मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के, नव्वदीनंतर ४० टक्के अधिक मिळतात. सुलतान बाजार, काचीगुड्याकडील पुष्कळ घराण्यांचे धन म्हणजे जुने घर. घर बँकेकडे गहाण ठेवून, त्यातच राहून दरमहा रक्कम घेण्याची योजना २००७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. पण तिला वास्तू स्वकष्टार्जित लागते. चार भावांच्या सामायिक घराला ती कशी लागू पडावी?

मग सून किंवा लेक नोकरी सोडते, आणि ‘आम्हांला काही खर्च येत नाही’ असे सारे म्हणतात. तिचे बुडालेले वेतन व भविष्यनिर्वाह निधी वहीत प्रथम मांडावा, असे आम्हांस वाटते. त्याचा वाटा पुण्या-अमेरिकेतील भावंडांनीही उचलावा, आणि तोही दरमहा, ठरल्या तारखेला.