रुमालाखालचा वायरलेस

आटपाडीचा शनिवारचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार कधी पाहिलाय? नसेल तर जाच. माडग्याळी मेंढ्याचं ते पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक एकदा बघण्यासारखं असतं! पण मला खरी गंमत वाटते ती रुमालाची. एवढ्या कलकलाटात दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडातून चकार शब्द नाही! दोन पावलांवर दुसरी जोडी त्याच खुणांनी दुसऱ्याच बोकडाचा सौदा करत असते. घोटाळा होत नाही, कारण खूण रुमालाबाहेर जातच नाही.

मोबाइलचे टॉवरही हीच युक्ती करतात. एका टॉवरचा आवाका बेताचा ठेवला, की तीच लहर थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या टॉवरला पुन्हा वापरता येते.

पण एकाच रुमालाखाली दहा हात घुसले तर?

रेडिओने लहरींच्या सरळ वाटण्या केल्या. आकाशवाणीचं सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर, पुणे ७९२ वर. जुन्या टू-जी फोनांनी पाळ्या लावल्या, टँकरपुढच्या हंड्यांसारख्या. एका लहरीवर आठ फोन, आणि प्रत्येकाची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटी! वायफाय आधी कान देतं. कुणी बोलत असेल तर गप्प. मग मनात एक आकडा धरायचा, तेवढं मोजायचं आणि बोलायचं. दोघांनी एकच आकडा धरला तर? धडक! पुन्हा मोजा, या वेळी आणखी मोठ्या आकड्यांतून निवडून.

सगळ्यात खोडकर मात्र ब्लूटूथ. ते एका जागी बसतच नाही. गाणी ऐकवणाऱ्या साध्या ब्लूटूथकडे ७९ चॅनेल असतात आणि सेकंदाला १६०० उड्या! जोडी जमली की पुढची उडी कुठे मारायची हे फोन आणि इअरफोन दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून चुकामूक होत नाही. एखाद्या चॅनेलवर वायफाय ठाण मांडून बसलंय असं कळलं, की ते चॅनेल ही जोडी वगळते. लंगडीत आपण गड्याला हुलकावणी देतो ना, तसंच.

अशा उड्यांचं एक पेटंट १९४२ साली सिनेनटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं. पाणतीराला बिनतारी संदेश द्यायचा, पण शत्रूला तो अडवता येऊ नये, म्हणून ही शक्कल. त्यात किती लहरी वापरता येणार होत्या माहितीये? ८८. पियानोच्या पट्ट्या मोजून बघा!