ओसरीतली मुकी गाडी

माझे गाव तेर, गोरोबाकाकांचे तेर. जुन्या वस्तूंचे इथे कुणाला नवल नाही. इथल्या मातीतून निघालेले मणी, नाणी, मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय गावात आहे. मी आज ज्या जुन्या वस्तूविषयी बोलणार आहे, तिला मात्र कुठलेच संग्रहालय घेणार नाही. ती आहे विजेवर चालणारी एक स्कूटर.

स्कूटर माझ्या थोरल्या भावाची. एका अपघातानंतर भाईजानचा उजवा गुडघा वाकत नसे, त्यामुळे किक मारणे जमेना. २००८ साली त्यांनी ही गाडी घेतली. २५० वॅटची मोटर, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा, म्हणून लायसनही लागत नव्हते. दोन वर्षे ते ऐटीत फिरले. मग बॅटऱ्या बसल्या. जिथून गाडी घेतली ते दुकान बंद झालेले, नवा संच महाग, त्यात भारनियमनाचे दिवस. गाडी ओसरीत ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. २०२१ साली भाईजान गेले. एकदा भंगारवाला दारात आला तेव्हा भाभी मला म्हणाल्या, "विकू नका. पण अशी पडलेलीही बघवत नाही." माझा छंद सुरू झाला तो असा.

विजेची गाडी ही कालपरवाची गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने विजेची तीनचाकी चालवली. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडीही विजेचीच होती. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला तो त्रास नव्हता. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि पेट्रोलची ही मोठी अडचण गेली. म्हणजे विजेच्या गाडीला मागे टाकायला एका छोट्या विजेच्या मोटरचाच हातभार लागला.

आपल्याकडे मुंबईत १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेच्या ट्राम धावल्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी बॅटरीवरची सायकलरिक्षा तयार केली. २००१ साली बंगळूरची रेवा ही छोटी मोटार आली. तिच्या पोटात शिशाच्या आठ बॅटऱ्या होत्या. भाईजानची स्कूटर याच शिशाच्या बॅटऱ्यांच्या पिढीतली.

आता दुरुस्तीचे सांगतो. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, मला वीज कळते ती उपमेपुरती. वायरिंगची कामे करणारा पुतण्या सोबतीला घेतला. आसनाखाली १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, एकेक सहा-सात किलोची. त्या फुगून घट्ट बसल्या होत्या. बॅटरी वापरली की आतल्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि चार्ज केली की ते विरघळते. पण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर त्याचे खडे कडक होतात, मग चार्जिंग आत शिरत नाही. ताडपत्रीखाली नेमके हेच झाले होते. अशी बॅटरी घरी फोडू नये, शिसे आणि तेजाब दोन्ही घातक. नवी घेताना जुनी दुकानात जमा करावी, तिचे मोलही मिळते.

दुसरी गोष्ट, ४८ व्होल्ट म्हणून बेफिकीर राहू नये. दोन टोकांवर पाना पडला तर तो लाल होतो. पान्याला टेप गुंडाळली, बोटातली अंगठी काढून ठेवली.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. मोटर मागच्या चाकातच असते. तिच्या तीन जाड तारांची टोके एकत्र धरली की चाक हाताला जड लागते. तसे लागले, म्हणजे मोटरची गुंडाळी बहुधा शाबूत. नव्या बॅटऱ्या जोडल्या, मीटरचा दिवा लागला. ॲक्सिलरेटर पिळला, तर चाक ढिम्म. तीन दिवस शोधाशोध केली. कंट्रोलर गेला असे समजून नवा मागवणारच होतो. शेवटी दोष सापडला ब्रेकच्या मुठीत. ब्रेक दाबला की मोटर थांबावी म्हणून तिथे एक इवलासा स्विच असतो. तो गंजून दाबलेल्या अवस्थेतच अडकला होता. गाडी बिचारी इतकी वर्षे समजत होती की कुणीतरी ब्रेक धरून उभे आहे. स्विच बदलला आणि चाक फिरले.

पुतण्याचे म्हणणे होते, लिथियमची बॅटरी टाकू. ती हलकी आणि जास्त टिकते, हे खरे. पण तिला सांभाळणारे वेगळे सर्किट लागते, चार्जरही वेगळा लागतो. शिशाचा जुना चार्जर तिला लावणे धोक्याचे. रोज लांब जायचे असेल त्याने लिथियमच घ्यावी. मला गाडी होती तशी हवी होती, म्हणून शिसेच ठेवले. नियम दोन पाळतो. अर्ध्याहून जास्त बॅटरी संपवायची नाही, आणि फिरून आल्यावर गाडी उपाशी ठेवायची नाही. त्या हिशेबात पंधरा-सोळा किलोमीटर आरामात होतात. रेल्वे स्टेशन, बाजार, नदीकाठ, एवढे मला पुष्कळ आहे.

या गाडीवर बसल्यावर गाव ऐकू येते. पिठाची गिरणी, हरिपाठ, अजान, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. इंजिनाच्या आवाजात हे सारे बुडून जात होते.

पहिल्या दिवशी भाभींना मागे बसवून गल्लीतून नेले. दोघांच्या वजनाने गाडी सायकलच्या चालीने निघाली. वळण आले तशा त्या मागून हळूच म्हणाल्या, "हॉर्न द्या. हिचा आवाज येत नाही ना, ते इथे नेहमी द्यायचे."

मी हॉर्न दिला. इतक्या वर्षांनीही तो वाजला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)